पेटी विकत घेऊ नका

नेमबाजीच्या रेंजवर सकाळी टेबलांवर काळ्या प्लॅस्टिकच्या केसेस रांगेने मांडलेल्या असतात. त्यात एखाद्याने लाकडी पेटी ठेवली, की कुणीतरी हमखास विचारतं, "काय रे, भजनाला निघालास का?" मराठीत पेटी म्हणजे आधी हार्मोनियम, त्यामुळे विनोद आपोआप होतो. विनोदाबद्दल तक्रार नाही. त्यामागच्या समजुतीबद्दल आहे. विकत आणलेली वस्तू म्हणजे गंभीर खेळाडू, आणि घरी केलेली वस्तू म्हणजे एकतर पैसे नाहीत किंवा वेळ फार आहे, अशी ती समजूत.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. टार्गेट पिस्तुलाची पेटी खेळाडूने स्वतः करावी. पैसे वाचतात हे त्याचं सगळ्यात किरकोळ कारण.

आधी हे काम किती अवघड आहे ते बघू, कारण बहुतेक जण इथेच माघार घेतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत दहा मीटर एअर पिस्तुलाला तीन मुख्य मर्यादा आहेत. वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, ट्रिगरचा दाब ५०० ग्रॅमपेक्षा कमी नको, आणि अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या चौकोनी खोक्यात मावलं पाहिजे. म्हणजे नियमपुस्तकानेच पिस्तुलाचं माप खोक्यात मोजून दिलंय. जगातलं कुठलंही नियमात बसणारं एअर पिस्तूल जास्तीत जास्त किती मोठं असेल, हे तुम्हाला करवत हातात घेण्याआधीच माहीत आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले महिनोन्‌महिने क्लायंटच्या मागे फिरतो, तरी इतकी स्पष्ट रिक्वायरमेंट मिळत नाही.

आता साधी बेरीज करा. पिस्तुलासाठी लांबी ४२० आणि हात घालायला २०, म्हणजे आतली लांबी ४४०. रुंदीत पिस्तुलाचे २०० अधिक १० मोकळे, मग ९ मिलिमीटरचा आडवा कप्पा, आणि त्यापलीकडे पेलेटचा डबा, जादा सिलिंडर, स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की यांच्यासाठी ७१. झाले २९०. खोली ८०: मध्ये पिस्तुलाचे ५०, खाली-वर १५-१५ मिलिमीटरचा फोम. बाजू ९ मिलिमीटरच्या प्लायच्या, तळ आणि झाकण ६ मिलिमीटरचं. मरीन प्लाय घेतला तर पेटीचं वजन दोन किलोच्या आसपास जातं. खांद्यावरून न्यायला हे काही ओझं नाही.

"पण मला सुतारकाम येत नाही." हे वाक्य पिस्तूल नेमबाजाने उच्चारावं याची मला गंमत वाटते. कारण टार्गेट पिस्तुलाची ग्रिप लाकडाची असते आणि ती कारखान्यातून आली तशी कुणाच्याच हाताला बसत नाही. मग आपण काय करतो? लाखाच्या वर किंमत असलेल्या पिस्तुलाच्या त्या ग्रिपवर कानस चालवतो. तळहाताच्या खळग्यात लाकूड कमी पडलं तर तिथे पुट्टी भरतो, वाळवतो, पॉलिश पेपरने घासतो, हात लावून बघतो, पुन्हा घासतो. अर्धा मिलिमीटर जास्त निघाला तर गोळी डावीकडे जायला लागते. ज्याला अक्रोडाच्या ग्रिपवर हे करायची छाती आहे, त्याला प्लायचे सहा तुकडे चिकटवायची भीती वाटते, यावर माझा विश्वास नाही. ही भीती कौशल्याची नाही, लोक काय म्हणतील याची आहे.

विकतच्या केसबद्दल दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तिच्या आत पिस्तुलाच्या आकारात कापलेला फोम असतो. दुकानात तो फार देखणा दिसतो. पण तो एकाच पिस्तुलाच्या, एकाच दिवसाच्या आकाराचा असतो. ग्रिप घासली, हाताखालची पट्टी खाली सरकवली, की खाच चुकते. क्लबचं पिस्तूल वापरणाऱ्या ज्युनिअर मुलीला तर दर मोसमात वेगळं पिस्तूल मिळू शकतं. तिने प्रत्येक वेळी नवी केस घ्यायची का?

हा वाद जुना आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात द्वंद्वयुद्धाची पिस्तुलं जोडीने लाकडी पेटीत येत, आणि त्या पेट्यांच्या दोन पद्धती होत्या. फ्रेंच पद्धतीत प्रत्येक वस्तूच्या आकाराची खाच कोरलेली असे. इंग्रजी पद्धतीत ओक किंवा महोगनीच्या पेटीत सरळ पट्ट्या लावून कप्पे पाडत आणि आतून हिरवी बनात चिकटवत. फ्रेंच पेटी जास्त सुंदर, यात वाद नाही. पण इंग्रजी पेटीत पट्टी सरकवली की नवी वस्तू बसते. आजची प्लॅस्टिकची केस ही फ्रेंच पद्धतीची स्वस्त नक्कल आहे: खाच आहे, लाकूड नाही.

आणि फोम कुठला आहे, हे कुणी विचारत नाही. मऊ, स्पंजासारखा पॉलियुरेथेन फोम दमट हवेत ओल धरून ठेवतो आणि काही वर्षांनी चिकट होऊन त्याचा भुगा पडायला लागतो. कोल्हापूर, रत्नागिरी किंवा मुंबईच्या जुलै महिन्यात घट्ट बंद होणाऱ्या केसमध्ये असा फोम म्हणजे पोलादाला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवण्यासारखं आहे. स्वतः पेटी करणारा माणूस बंद पेशींचा ईव्हीए फोम निवडतो, सिलिका जेलच्या पुडीला जागा ठेवतो. तो पेलेट उघडे टाकत नाही, कारण पेलेट शिशाचे असतात आणि लाकडातून, विशेषतः ओकमधून, निघणारी आम्लाची वाफ शिशाला खाते. ओकच्या कपाटात ठेवलेल्या शिशाच्या वस्तूंवर पांढरी भुकटी चढते, हे संग्रहालयवाल्यांना चांगलं माहीत आहे. म्हणून पेलेट त्यांच्या झाकणाच्या डब्यातच ठेवायचे. हे सगळं ज्ञान केस विकत घेणाऱ्यालाही मिळू शकतं. पण मिळत नाही, कारण त्याला प्रश्नच पडत नाहीत.

अमेरिकेत बुल्सआय नावाचा पिस्तूल नेमबाजीचा जुना प्रकार आहे. त्याच्या पूर्ण सामन्यात २७० गोळ्या असतात: पॉइंट टू-टू, सेंटरफायर आणि पॉइंट फॉर्टी-फाइव्ह, प्रत्येकी ९०. अंतर ५० आणि २५ यार्ड. तिथल्या नेमबाजांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतः प्लायच्या पेट्या केल्या. आत दोन-तीन पिस्तुलं उभी राहतात आणि वर उचललेल्या झाकणालाच दुर्बीण अडकवलेली असते, कारण ५० यार्डांवरचं भोक नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तिथे पेटी हे निव्वळ सामान नेण्याचं साधन नाही, ते नेमबाजाचं टेबल आहे. तयार पेट्या तिथेही मिळतात. तरी लोक घरी करतात, कारण कुणाची दुर्बीण डाव्या डोळ्याला लागते, कुणाची उंची वेगळी. आपल्याकडे दहा मीटरला मॉनिटरवर गुण दिसतात, दुर्बीण लागत नाही. पण आपली गरज आपण ओळखून वस्तू घडवायची, ही सवय उचलायला काय हरकत आहे?

आता खऱ्या विरोधकांकडे येतो. ते माझ्याच ऑफिसात बसतात. त्यांचा हिशोब असा: "तुझ्या तासाचा दर काढ. दोन रविवार म्हणजे बारा तास. तेवढ्यात चार केसेस येतील." हिशोब बिनचूक आहे, फक्त रविवारच्या त्या बारा तासांना गिऱ्हाईक कुठे आहे? ते तास विकले जाणार नसतात, ते रील बघण्यात जाणार असतात. आणि याच न्यायाने नेमबाजी तरी का करायची? सव्वा तासात साठ पेलेट दहा मीटरवरच्या ११.५ मिलिमीटरच्या वर्तुळात घालायचा प्रयत्न करणं, याला तासाचा काय दर लावणार?

या तासाच्या दरामागे आपल्याकडचं एक जुनं दुखणं आहे. लिहिणारा वर आणि घडवणारा खाली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांना आपण बलुतेदार म्हणून गावाच्या कामाला जुंपलं, धान्याच्या वाट्यावर ठेवलं, आणि त्यांच्या हातातल्या भूमितीला कधी विद्या म्हटलं नाही. आजच्या महाराष्ट्रातल्या वर्ध्यात १९३७ साली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी ठेवायचा विचार गांधींनी तिथे मांडला. आमच्या पिढीच्या वाट्याला मात्र आला कार्यानुभवाचा तास, आणि तोही गणिताचे सर घेऊन टाकायचे.

इंजिनिअरिंगला तरी काय वेगळं? पहिल्या वर्षाला वर्कशॉप होतं. लाकडाचा एक जोड करायचा, लोखंडाचा एक तुकडा कानसून काटकोनात आणायचा. वर्गातले निम्मे जॉब बाहेरून तयार होऊन येत आणि सगळ्यांना ते ठाऊक असे. गुण जर्नलला होते. जोड घट्ट बसला की नाही, हे कुणी हलवून बघत नव्हतं. अशा शिक्षणातून बाहेर पडलेला माणूस पुढे इमारतीच्या, पुलाच्या, ॲपच्या कामावर सही करतो. त्याला काटकोन ही एक खूण वाटते, मिळवावी लागणारी गोष्ट वाटत नाही.

पेटी हे शिकवते. चार बाजू चिकटवल्यावर गुण्या लावून भागत नाही, दोन्ही कर्ण मोजावे लागतात. ४४० आणि २९० च्या चौकटीत दोन्ही ५२७ मिलिमीटर आले पाहिजेत. एक ५२५ आणि दुसरा ५२९ आला तर चौकट तिरकी आहे, आणि फेव्हिकॉल वाळायच्या आत ती दाबून सरळ करायची आहे. पायथागोरस शाळेतही भेटतो, पण घाई करायला इथेच लावतो.

सुतारालाच का देऊ नये, असं विचाराल. जरूर त्याच्याकडे जा. त्याला नुसतं माप देऊन निघून येऊ नका, शेजारी उभे राहा. झाकण तळावर हुबेहूब बसावं म्हणून अनुभवी कारागीर झाकण वेगळं करतच नाहीत. सहाही बाजू चिकटवून बंद खोकं करतात आणि मग ते करवतीने आडवं कापून झाकण सोडवतात. ही युक्ती पहिल्यांदा कळते तेव्हा कुठल्याही सुंदर अल्गोरिदमइतका आनंद होतो. त्यात एक मेख आहे. करवतीचं पातं साधारण तीन मिलिमीटर लाकूड खातं, म्हणून बाजूच्या पट्ट्या ८० ऐवजी ८३ च्या घ्यायच्या, आणि कापायच्या रेषेवर एकही चूक ठोकायची नाही. सुताराला हे सांगावं लागत नाही. तुम्हाला आणि मला लागतं, आणि यात खालचा कोण, हे आपलं आपण ठरवावं.

दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही माझं जमत नाही. पन्नास हजारांची हत्यारं आधी मागवून, लाकडावर हात फिरवतानाचे व्हिडिओ टाकणारे. हातकाम ही त्यांच्यासाठी आणखी एक खरेदी आहे. या पेटीला एक करवत, गुण्या, कानस, चार क्लॅम्प, पॉलिश पेपर पुरतात. रंधा आणि पटाशी शेजारच्या सुताराकडून तासभर मागून आणता येतात.

प्लॅस्टिकची केस कुठे योग्य आहे, तेही सांगतो. स्पर्धेसाठी विमानाने जायचं असेल तर सामान फेकणाऱ्या हातांपुढे ९ मिलिमीटरचा प्लाय टिकणार नाही. तिथे क्लबची एखादी दणकट केस सगळ्यांनी मिळून वापरावी. आणि पॉइंट टू-टूचं पिस्तूल असेल तर परवाना, कागदपत्रं, कुलूप यांत कुठलीही घरगुती सवलत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्याला तुमच्या हस्तकौशल्याशी देणंघेणं नाही. एअर पिस्तूलसुद्धा पेटीत ठेवताना रिकामं, नळीत पूर्ण लांबीची सेफ्टी फ्लॅग घातलेलं असावं आणि पेटीला कडी-कोयंडा व कुलूप असावंच. घरात लहान मुलं असतात.

पण रोज घर ते रेंज जाणाऱ्या, ज्यांच्या आईवडिलांनी पेलेट आणि रेंजच्या फीसाठी आधीच पोटाला चिमटा घेतलाय, त्या मुलामुलींना "चांगली केस घे, मग लोक तुला सीरियसली घेतील" असं सांगणं मला पाप वाटतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. ते गुण तिच्या हाताचे आणि डोळ्याचे होते. केसचा ब्रँड गुणफलकावर येत नाही.

तेव्हा रविवारी प्लायवूडच्या दुकानात जा आणि उरलेल्या तुकड्यांचा ढीग कुठे आहे ते विचारा. ६ मिलिमीटरचे ४५८ × ३०८ चे दोन तुकडे. ९ मिलिमीटरच्या ८३ रुंदीच्या चार पट्ट्या: दोन ४५८ लांब, दोन २९० लांब. कप्प्यासाठी ९ मिलिमीटरचीच एक, ४४० × ६० ची. दोन बिजागऱ्या, एक कडी. चिकटवा, कर्ण मोजा, रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वरून २६ मिलिमीटरवर रेष मारून कापा, मग कप्पा बसवा. आणि रेंजवर कुणी भजनाचं विचारलं, तर पेटी उघडून त्याच्या हातात मापाचा कागद द्या. बहुतेक वेळा तो कागदाचा फोटो काढून घेतो.