नकाशा सोबती, नजर रस्त्यावर

नवी मुंबई हे आखून वसविलेले शहर. तरीही शीव-पनवेल महामार्गावर दुचाकीने येणाऱ्या नवख्यास उड्डाणपुलावर चढावे की खालून वळावे, हे क्षणात ठरवावे लागते. तेथे मोबाइलमधील नकाशा मोठा आधार ठरतो.

मात्र या आधारालाही मर्यादा आहेत. जुलै २०२५ मध्ये बेलापूर येथे नकाशाच्या भरवशावर एका महिलेची मोटार खाडीपुलावर न चढता पुलाखालील रस्त्याने गेली आणि खाडीत कोसळली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिचे प्राण वाचविले. एकावर एक असलेल्या रस्त्यांपैकी आपण कोणत्या रस्त्यावर आहोत, हे उपग्रहाच्या संकेतांवरून नेहमीच कळत नाही. शिवाय अटल सेतू दुचाकींना बंद आहे. नकाशात मोटारीचा पर्याय निवडलेला राहिल्यास तो तिकडेही नेऊ शकतो.

ताशी ५० किलोमीटर वेगाची दुचाकी दोन सेकंदांत सुमारे २८ मीटर पुढे जाते. नजर पडद्यावर असेल, तर तेवढे अंतर न पाहताच कापले जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२० च्या दुरुस्तीनेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, केवळ मार्ग पाहण्यापुरतीच मुभा दिली आहे.

म्हणून निघण्यापूर्वीच मार्ग पाहून घ्यावा, फोन हँडलवर घट्ट बसवावा, शंका आल्यास कडेला थांबावे. नकाशा आणि रस्त्यावरील फलक यांत विसंगती दिसल्यास फलकच प्रमाण मानावा. पालकांनी मुलांच्या हाती गाडीची किल्ली देताना ही शिस्तही द्यावी. घरी दहा मिनिटे उशिरा पोहोचण्यात कसलाही कमीपणा नाही.