चूक कचेरीची, वसुली कुणब्याची



मागच्या बैठकीनंतर माणदेशातल्या एका शेतकऱ्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला. २०२० च्या दिवाळीच्या सुमारास आलेली नोटीस. पी.एम. किसानचे पाच हप्ते, म्हणजे दहा हजार रुपये परत भरा, नाहीतर जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करू. गड्याकडे पाच एकर जिरायत. पाऊस झाला तर जोंधळा, नाही झाला तर नुसता कडबा. काही वर्षे तो दक्षिणेत गलाईच्या दुकानात होता. २०१७-१८ साली धंदा बरा चालला, चार पैसे प्राप्तिकर भरला, पुढच्या वर्षी दुकान मोडून गावी आला. मला विचारतो, "साहेब, मी चोर हाय का?"

योजनेचा नियम असा होता की मागच्या कर निर्धारण वर्षात ज्याने प्राप्तिकर भरला तो अपात्र. नियमावर बोट ठेवले तर गडी अपात्रच. पण योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना सुरू झाली. गावोगाव याद्या करायची घाई अशी, की जणू उद्या पंचनामाच होणार आहे. याच्याकडून ८-अ, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स घेतली, छापील घोषणापत्रावर सही घेतली. त्यात काय लिहिले आहे ते त्याने वाचले नाही आणि कोणी वाचूनही दाखवले नाही. प्राप्तिकराची नोंद सरकारच्याच संगणकात होती, आधारही सरकारचेच. दोन्हींचा मेळ पैसे देण्याआधी घालायचा, की पाच हप्ते दिल्यावर?

हा एकट्याचा प्रश्न नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी संसदेत सांगितले की देशात ४२ लाखांवर अपात्र लोकांना सुमारे २,९९२ कोटी रुपये गेले. त्यात महाराष्ट्रातले साडेचार लाखांच्या आसपास. साडेचार लाख लोकांनी एकाच वेळी लबाडी केली असे मानायचे, की चाळणीच फाटकी होती असे म्हणायचे? अलीकडे लाडकी बहीण योजनेत चौदा हजारांहून जास्त पुरुषांच्या नावे पैसे गेल्याचे २०२५ मध्ये बाहेर आले. 'बहीण' योजनेत पुरुष कसा शिरला, हे अर्ज मंजूर करणाऱ्याने आधी सांगावे.

आपल्यातही लबाड आहेत, हे मी लपवणार नाही. दवाखाना चालवणारे डॉक्टर, पगारदार मास्तर, वरच्या हुद्द्यावरचे अधिकारी बापाच्या सातबाऱ्यावर नाव लावून हप्ते खात होते. माहीत असून खोटे लिहून दिले असेल त्याने पैसे निमूट भरावेत. त्यांच्यासाठी संघटनेची ताकद खर्च करायची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण सरकारी नोकराच्या बाबतीत काय होते ते पाहा. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात १८ डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारच्या चुकीने जादा पगार गेला तरी तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्याकडून, निवृत्ताकडून, किंवा पाच वर्षांपेक्षा जुनी अशी वसुली करू नये. कारण पैसा पोटात गेला, आता तो काढणे अन्याय आहे. निकाल न्यायाचाच आहे, माझी तक्रार नाही. मग शिपायाला जो न्याय तो जिरायतदाराला का नाही?

शेजारच्या कोल्हापूरची आठवण जुनी नाही. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत तिथल्या हजारो शेतकऱ्यांची कर्जे माफ झाली. चार वर्षांनी ठरले की ती कमाल कर्जमर्यादेपेक्षा जास्त होती, आणि सुमारे ११२ कोटींची माफी मागे घेतली. मर्यादेबाहेर कर्ज मंजूर केले कोणी? बँकेने. माफीच्या याद्या केल्या कोणी? बँकेनेच. पुन्हा थकबाकीदार कोण, तर शेतकरी. त्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्याच कर्जमाफीवर मार्च २०१३ मध्ये कॅगचा अहवाल आला. तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी २२ टक्क्यांहून जास्त खात्यांत काही ना काही गफलत निघाली. जे पात्र असून वगळले गेले तेही त्यात होते. त्यांच्या दारात 'तुमचे देणे राहिले' अशी नोटीस घेऊन कोणी गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ऑस्ट्रेलियातही हाच प्रकार घडला. तिथे बेकारांना पंधरवड्याने भत्ता मिळतो. सरकारच्या संगणकाने प्राप्तिकर खात्यातून वर्षाचे उत्पन्न उचलले, त्याला २६ पंधरवड्यांनी भागले आणि लाखो लोकांना कळवले की तुम्ही जादा भत्ता घेतला, परत करा. चार महिने काम आणि आठ महिने रिकामे बसणाऱ्याला सरासरी कशी लागू पडेल? सुगीत हातात आलेले पैसे बारा महिन्यांवर पसरून आपल्याला सधन ठरवण्यासारखेच हे. लोक न्यायालयात गेले, २०१९ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरली, पुढे सरकारला वसूल केलेले पैसे परत करावे लागले.

आणि आपल्याकडचा बेकारभत्ता? रोजगार हमीचा प्रयोग वि. स. पागे यांनी आपल्याच तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास केला. त्यावरून १९७७ चा कायदा झाला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम दिले नाही तर भत्ता, असे त्यात लिहिले होते. या सभेला आलेल्यांपैकी तो भत्ता हातात पडलेला माणूस मला दाखवा. कापूस एकाधिकार खरेदीत पट्टीतून ३ टक्के भांडवल निधी कापायला मात्र कधी विसर पडला नाही.

नोटीस आली असेल तर घाबरून सावकाराकडे पळू नका. फाडूनही टाकू नका. ती कोणत्या तारखेला हातात पडली ते मागच्या बाजूला लिहून ठेवा. 'मला कोणत्या कारणाने अपात्र ठरवले, त्याचा पुरावा द्या, माझे म्हणणे ऐकून घ्या' असा साधा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. घोषणापत्राची नक्कल माहिती अधिकारात मागा. नुसते विवरणपत्र भरले आणि कर शून्य निघाला असेल, तर ते आवर्जून लिहा. विवरण भरणारा आणि कर भरणारा हे दोन वेगळे. पैसे भरणे भागच पडले तर हप्ते मागा आणि प्रत्येक भरण्याची पावती जपून ठेवा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना या सगळ्यांच्या दोन-दोन प्रती आणा. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, प्रत्येक तालुक्याने आपापली यादी करावी: नाव, रक्कम, कारण. ती घेऊनच आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार आहोत.