बिनपागडीच्या खोल्या

दर आठवड्याला या पानावर आपण घराविषयी बोलतो. घर कसं लावावं, कसं आवरावं, पाहुणे आले म्हणजे दोन खोल्यांत सहा माणसं कशी सामावून घ्यावीत, असं काहीबाही. दिवाळी अंकासाठी मात्र मी जरा निराळ्या घराचा विषय काढणार आहे. या घराला खर्च जवळजवळ नाही. भाडं येणार नाही, पण भाडेकरूची कटकटही होणार नाही. हे घर आहे माशीचं! नाक मुरडू नका हं. घरमाशीचं नव्हे, एकटीनं राहणाऱ्या रानमधमाशीचं.

मधमाशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पोळं येतं, राणी येते, हजारो कामकरी माश्या येतात. म्हणजे एक भलंमोठं एकत्र कुटुंबच. पण जगात मधमाश्यांच्या २०,०००हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींना ना पोळं, ना राणी. मादी एकटीच जागा शोधते, एकटीच घर बांधते आणि एकटीच पिल्लांची बेगमी करते. आपल्यासाठी मध साठवत नाही, म्हणून आपणही कधी तिची विचारपूस करत नाही.

यांतल्या बऱ्याचजणी जमिनीत बिळं करतात. बाकीच्या पोकळ काड्या, बांबू, लाकडातली जुनी भोकं अशा ठिकाणी बिऱ्हाड थाटतात. जुन्या वाड्यांतून त्यांना जागेची ददात नव्हती. मातीच्या भिंती होत्या, तुळया होत्या, परसात कुडाचं कुंपण होतं. आता भिंतींना गुळगुळीत गिलावा आणि अंगणभर फरशी. जिथं माणसांनाच जागा मिळत नाही, तिथं माशीला कोण विचारतो?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या गुलाबाची पानं मागे कुणीतरी कातरू लागलं. कडेनं अगदी कात्रीनं कापावेत तसे गोल तुकडे गेलेले. काकू फवारणीची बाटली घेऊन सज्ज! मी म्हटलं, "काकू, आधी चोर तर बघू या." दोघी पाट टाकून गॅलरीत बसलो. दहाच्या सुमाराला एक काळसर माशी आली, पानाच्या कडेला बसली आणि बघता बघता तिनं एक तुकडा कापला. तो पोटाशी धरून ती थेट कपडे वाळत घालायच्या बांबूच्या टोकात शिरली.

ही पान कातरणारी माशी. ती पान खात नाही. लांबट तुकड्यांनी ती बांबूच्या आत एक चिमुकली खोली मढवते, तिच्यात पराग आणि मकरंद यांचा गोळा ठेवते, त्यावर एकच अंडं घालते आणि पानाच्या गोल तुकड्यांचं झाकण लावते. मग त्याच्यापुढे दुसरी खोली, तिसरी खोली. आगगाडीचे डबेच जणू! फ्रान्समध्ये झाँ-आंरी फाब्र (१८२३–१९१५) या शिक्षकानं अशाच एका जातीच्या माश्यांना आपल्या अभ्यासिकेत बोरूच्या आणि काचेच्या नळ्या देऊन हा संसार पाहिला. आतल्या खोल्यांत मुली आणि दाराजवळच्या खोल्यांत मुलगे, अशी आई व्यवस्था लावते. कारण मुलगे आधी बाहेर पडतात.

हे सगळं ऐकून काकूंनी विचारलं, "पोरांचं तोंड तरी बघते का गं ती?"

"बहुधा नाही. ती बाहेर येतात तोवर ही जगातून गेलेली असते."

काकू गप्प झाल्या. ऐन तिशीत कपाळ पांढरं झाल्यावर शिवणाच्या यंत्रावर त्यांनी तीन मुलं वाढवली, हे साऱ्या इमारतीला ठाऊक आहे. त्या उठल्या आणि बाटली पुन्हा मोरीच्या फळीवर ठेवून आल्या. "चार पानं गेली म्हणून गुलाब मरत नाही," एवढंच म्हणाल्या. पुढच्या रविवारी आम्ही दोघींनी मिळून घर केलं.

कृती सोपी आहे. पोकळ बांबूचे साधारण सहा इंचांचे तुकडे करवून घ्या. एका टोकाला पेराची गाठ राहू द्या, म्हणजे मागची बाजू आपोआप बंद होते. भोक पेन्सिल जाईल इतपत हवं. काही थोडी मोठी, काही बारीक. तोंडाशी कूस राहिली तर पंख फाटतात, म्हणून पॉलिश पेपर फिरवा. आंब्याच्या जुन्या लाकडी पेटीच्या फळ्यांचं खोकं करून त्यात वीस-पंचवीस नळ्या घट्ट बसवा. रंग, वॉर्निश काही नको. सकाळचं ऊन लागेल आणि पाऊस लागणार नाही अशा जागी, छातीइतक्या उंचीवर, हलणार नाही असं पक्कं बसवा. मुंग्यांची वाट ग्रीस लावून अडवा. एखाद्या नळीत कुंभारीण शिरली तर राहू द्या. ती पिल्लांसाठी झाडांवरच्या अळ्याच नेते. पिल्लं उडून गेली की त्या नळ्या टाकून नव्या घाला, नाहीतर बुरशी आणि किडे माजतात.

"चावणार नाही ना?" हा प्रश्न येणारच. राखायला पोळं नसल्यामुळे ही माशी अंगावर येत नाही. मुठीत दाबलीत तरच डंख करील.

आणि ऋणच म्हणाल, तर आपल्या रोजच्या वरणाशीही तिचा संबंध आहे. तुरीच्या फुलांवर या माश्या आवडीनं जातात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं १९९१ साली जगातलं पहिलं संकरित तुरीचं वाण दिलं, त्याच्या बियाण्यासाठी एका झाडाचे पराग दुसऱ्यावर न्यायचं काम असल्या कीटकांवरच सोपवावं लागतं.

आकाशकंदिलाच्या कामट्या आणायला बुरूड आळीत जालच, तेव्हा दोन हात पोकळ बांबूही घेऊन या. कुंडीत तुळस, झेंडू, सब्जा असं काही फुलतं राहू द्या आणि फवारणीची बाटली आवरा. भाडेकरू लगेच येईलच असं नाही. पण एखाद्या सकाळी एका नळीचं तोंड हिरव्या पानानं बंद झालेलं दिसेल. तसं दिसलं की मला जरूर कळवा. काकूही विचारीत असतात.