फराळानंतरचा फराळ

दर दिवाळीला फराळाच्या डब्यांचे आपण इतके कौतुक करतो, की त्या डब्यांत काय नाही याचा विचार करायला कोणाला सवडच नसते. शंकरपाळे मैद्याचे, चिरोटे मैद्याचे, करंजीची पारी रव्या-मैद्याची, अनारशात तांदूळ आणि गूळ. चकलीत भाजणी असते म्हणून तिची अब्रू थोडीफार शिल्लक राहते. फराळाला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. वर्षाचे चार दिवस मीही कडबोळी मोजून खात नाही. पण भाऊबीज उलटली की या सदराकडे जी पत्रे येतात, त्यांतली पुष्कळशी एकाच तक्रारीची असतात. लिहिणाऱ्या भगिनी तिचे नाव मोठ्या संकोचाने घेतात. "ह्यांचं पोट साफ होत नाही," असे लिहितात. हे 'ह्यांचं' बरेचदा स्वतःचेच असते, हे मी ओळखून असते.

एका भगिनींनी मात्र सरळच विचारले आहे. भेट म्हणून आलेल्या सुक्या मेव्याच्या पेट्या घरात पडून आहेत. रोज सकाळी न्याहारीला अंजीर, बेदाणे, खारीक खाल्ली तर तक्रार जाईल का?

जाईल, पण एकट्या मेव्याने नाही. का, ते थोडे विस्ताराने सांगते.

अन्नातला जो भाग आपल्या आतड्याला पचवता येत नाही, तो चोथा. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाजीतले धागे, फळांतला गर या सर्वांत तो असतो. त्यातला काही पाण्यात विरघळून बुळबुळीत होतो, काही स्पंजासारखा पाणी धरून फुगतो. दोन्हींमुळे मळ मऊ आणि भरीव होतो, मग आतड्याला तो पुढे ढकलताना कुंथावे लागत नाही. शिवाय मोठ्या आतड्यातले असंख्य सूक्ष्म जंतू याच चोथ्यावर जगतात. आपल्या आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण पीठ चाळून कोंडा टाकणाऱ्या सुनेकडे ती ज्या नजरेने पाही, त्या नजरेत ते सगळे होते.

पाश्चात्त्य डॉक्टरांनाही ते उशिराच उमगले. डेनिस बर्किट नावाचे एक आयरिश सर्जन युगांडात कंपाला येथील मुलागो रुग्णालयात बरीच वर्षे काम करीत होते. इंग्लंडात नित्य दिसणारी बद्धकोष्ठता, मूळव्याध, आतड्याचे कितीतरी विकार आफ्रिकेतल्या खेड्यांत इतके क्वचित का, याचा त्यांनी ध्यास घेतला. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी चक्क लोकांच्या मळाची वजने केली आणि खाल्लेले अन्न बाहेर पडायला किती तास लागतात तेही मोजले. 1972 साली 'लॅन्सेट'मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. भरड धान्य खाणाऱ्या खेडुतांचा मळ पांढरा पाव खाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त भरे आणि कितीतरी लवकर बाहेर पडे. त्यांच्या सगळ्याच निष्कर्षांवर पुढे एकमत झाले असे नव्हे, पण चोथा म्हणजे अन्नातला कचरा ही समजूत त्यानंतर टिकली नाही. आज जागतिक आरोग्य संघटना (2023 च्या तिच्या शिफारशीप्रमाणे) मोठ्या माणसाने दिवसाला निदान 25 ग्रॅम चोथा खावा असे सांगते.

आता हा हिशेब आपल्या ताटावर मांडू. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो, बाजरीत, नाचणीत आणि न चाळलेल्या कणकेत 11 च्या आसपास. पांढऱ्या तांदळात जेमतेम तीन. सुक्या अंजिरात 10, खारीक-खजुरात 7 ते 8, जर्दाळूत 7, आणि बेदाण्यात फक्त 4. म्हणजे मूठभर बेदाणे, तीसएक ग्रॅम, खाल्ले तर पोटात चोथा जातो एक ग्रॅमभर, आणि साखर जाते चार-पाच चमचे! ज्वारीची एक भाकरी सहा-सात ग्रॅम देते. एक वाटी मटकीची उसळ चारएक ग्रॅम. ज्या किमतीला आपण पावशेर अंजीर आणतो, त्यात ज्वारी किती येईल हे वाण्याला विचारून पाहा.

हे मला कागदावर कळत होते, पण पटले ते लोणी देवकरला. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले, की भिगवण सोडल्यावर आणि इंदापूर यायच्या आधी हे गाव लागते. एका बाजूला उजनीचे पाणी. उन्हाळ्यात ते ओसरले, की पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ वर येते आणि माणसे ते पाहायला गर्दी करतात. गावाजवळ आता औद्योगिक वसाहत आहे. माझ्या नणंदेचे यजमान तिथे एका कारखान्यात नोकरीला आहेत. घरी थोडी द्राक्षबाग, थोडा ऊस आणि नणंदेचे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरीपुढचे.

मी गेले त्या सकाळी अण्णा चहात टोस्ट बुडवून खात होते. दुपारी वरणभात, रात्री दूधभात, आणि झोपताना एक चूर्ण. "वहिनी, ते चूर्ण घेतल्याशिवाय यांना चैन पडत नाही. आधी एक चमचा होता, आता दोन झाले," वन्सं म्हणाल्या. डबा उलटा करून पाहिला, तर त्यात मुख्य सोनामुखी. सोनामुखी आतड्याला चिमटे काढून काम करून घेते. अडीनडीला ठीक, पण डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घ्यायची ती वस्तू नव्हे.

अण्णांना विचारले, भाकरी का सोडली? ते हसले. "दात गेले, म्हणून भाकरी गेली. कवळी केली, पण तिच्याखाली ज्वारीचा कण अडकतो. पोरं म्हणाली, अण्णा, मऊ खा. मी मऊ खातो." कोणाचेच चुकले नव्हते. मायेनेच सगळे मऊ केले होते, आणि त्या मऊपणात दिवसाकाठी दहा ग्रॅमही चोथा उरला नव्हता.

पण त्या दिवशी आधी दुसरीच गोष्ट करावी लागली. बोलता बोलता अण्णा म्हणाले, की गेले काही दिवस रक्तही पडते. हे ऐकल्यावर अंजीर-खारकेची चर्चा तिथेच थांबवली. उतारवयात शौचाची सवय बदलली, रक्त दिसले, वजन उतरू लागले, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून आधी डॉक्टर. इंदापूरला तपासणी झाली, पुढे दुर्बिणीने आतडेही पाहिले. मूळव्याध निघाली, दुसरे काही नाही. तो आठवडा वन्संनी कसा काढला असेल ते त्यांनाच ठाऊक. डॉक्टरांनी चूर्ण बंद करून इसबगोल दिला (तो म्हणजे तरी काय, बियांवरचा कोंडाच) आणि सांगितले, जेवणात चोथा वाढवा, पाणी वाढवा.

मग स्वयंपाकघराचा ताबा घेतला तो अण्णांच्या बहिणीने, आत्याबाईंनी. "दात न्हाईत तर दशमी करा की गं. दशमीला दात कशाला लागत्यात?" त्यांनी केलेली दशमी मी वाटीच्या मापाने उतरवून आणली आहे.

दहा-बारा खारका फोडून बिया काढाव्यात आणि दीड वाटी गरम दुधात रात्रभर झाकून, थंडी नसेल तर फ्रिजमध्ये, भिजत ठेवाव्यात. सकाळी त्या दुधासकट वाटाव्यात, फार गंधासारख्या नकोत. या वाटणात दोन वाट्या बाजरीचे पीठ, एक वाटी न चाळलेली कणीक, चमचाभर तीळ, चिमूट मीठ आणि दोन चमचे तूप घालून मळावे. पाण्याचा थेंब लावायचा नाही. कमी पडले तर दूधच. बाजरी एकटी घेतली तर दशमी तुटते, कणकेने ती धरून राहते. पीठ पाव तास झाकून ठेवून हाताने जाडसर थापावे आणि मंद आचेवर तूप सोडून दोन्ही बाजूंनी भाजावे. आच मोठी झाली तर खारकेची साखर करपते आणि कडू लागते. एवढ्यात आठ दशम्या होतात. एकीत चार-पाच ग्रॅम चोथा येतो आणि साखर-गूळ घालावा लागत नाही. थंडीत त्या दुसऱ्या दिवशीही लुसलुशीत राहतात. दह्याबरोबर खाव्यात; अण्णा दुधात कुस्करून खातात. टोस्टाचा डबा घरातून गेला नाही, पण तो आता पाहुण्यांपुरता उघडतो.

मात्र हे सारे एकदम करू नये. ज्या पोटाला वर्षानुवर्षे टोस्टची सवय, त्याला एका दिवशी बाजरी, मटकी आणि सहा अंजीर दिले तर ते फुगणारच. मग लोक म्हणतात, आम्हाला चोथा मानवत नाही. आठवड्याला एकेक पदार्थ वाढवावा, आणि बरोबर पाणी. पाण्यावाचून चोथा म्हणजे नळीत घट्ट बसलेला बोळा.

मग सुक्या फळांचा उपयोग तो काय? आहे, आणि तो नुसत्या चोथ्याचा नाही. काही फळांत सॉर्बिटॉल नावाची एक जातीची साखर असते. ती आतड्यात पुरती शोषली जात नाही आणि पाणी ओढून घेते. आलुबुखारात ती सर्वांत जास्त. 2011 मध्ये अमेरिकेत आयोवा येथे चाळीस रुग्णांवर केलेल्या प्रयोगात दिवसाला शंभर ग्रॅम आलुबुखार तेवढ्याच चोथ्याच्या इसबगोलापेक्षा सरस ठरले. रोज शंभर ग्रॅम आपल्याला परवडायचे नाहीत. पण रात्री तीन-चार भिजत घालून सकाळी पाण्यासकट खायला हरकत नाही. अंजीरही तसेच, दोन पुरेत. आपला पुरंदरचा अंजीर बहुतेक ताजाच संपतो. दोरीत ओवलेला सुका अंजीर येतो तो मुख्यतः अफगाणिस्तानातून. तो फोडून, आत कीड नाही ना हे पाहून मगच भिजवावा.

बेदाणा मात्र आपल्या अंगणातला. इंदापूर-बारामतीची द्राक्षे बरीचशी ताजी विकली जातात, पण खाली सांगोला, कवठेमहांकाळ, तासगावकडे फेब्रुवारीपासून बेदाण्याच्या शेडच शेड लागतात. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या द्रावणात बुडवून जाळ्यांवर सावलीत वाळवतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सोनेरी-हिरवा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना या गंधकाने कधी कधी त्रास होतो. त्यांनी उन्हात वाळवलेला काळा मनुका घ्यावा. बाकीच्यांनीही कोमट पाण्यात दोनदा धुवावेत. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण वाण्याकडे आपण अजून चमक पाहूनच भाव करतो.

मधुमेह्यांच्या घरांतून हल्ली खजुराचे 'साखरविरहित' लाडू फार होतात. त्या नावाचा मला राग येतो. साखर घातली नाही हे खरे, पण खजुरात वजनाच्या साठ-पासष्ट टक्के साखर स्वतःचीच असते. आपल्या सासूबाईंना असे दोन लाडू निर्धास्तपणे देणारी सून त्यांना सहा-सात चमचे साखर देत असते. मधुमेह असेल तर लाडू नको, एखादा अंजीर, तोही जेवणाबरोबर आणि डॉक्टरांना सांगून. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी सुकी फळे विचारल्याशिवाय घेऊच नयेत, कारण त्यांत पोटॅशियम पुष्कळ असते.

मुलांच्या मधल्या सुट्टीच्या डब्याबद्दलही विचारणा आहे. रंगीत कागदातल्या 'पौष्टिक' वड्या मी आणत नाही. त्यांतली फळे बहुधा पाकात मुरवलेली असतात. त्याऐवजी ज्वारीच्या लाह्या, भाजलेले शेंगदाणे आणि डाळे फोडणीत परतून, उतरवल्यावर मूठभर चिरलेले जर्दाळू किंवा मनुका घालाव्यात. आधी घातल्या तर त्या फुगून चामट होतात. वसईची सुकेळी मिळाली तर तिचे काप घालावेत, मुले भांडतात तिच्यासाठी. आणि बोरकूट! सुक्या बोरांची ती आंबटगोड पूड शाळेच्या दारात घ्यायची आपल्याला चोरी होती. लोणी देवकरहून निघताना आत्याबाईंनी घरच्या बोरांची एक बरणी माझ्या पिशवीत घातली. चिमूटभर काळे मीठ घालून ती ताकात ढवळावी. थंडीत मुले ताक पीत नाहीत अशी तक्रार असणाऱ्या घरांत आधी हीच युक्ती करून पाहावी. बरणी कोरडी हवी, आणि चमचा तर त्याहून कोरडा, नाहीतर आठ दिवसांत गठ्ठा होतो.