खिडकीतला पुदिना

वसईच्या वाड्यांत मोगरा आणि सोनचाफा फुलतो. पहाटेच्या लोकलने तो दादरच्या बाजारात जातो. आणि आपल्या घरात काय असते? टीव्हीशेजारी प्लास्टिकची फुले! मला हे मुळीच पटत नाही.

"सर, आमची खोली लहान आहे. कुंडी कुठे ठेवायची?" असे मुले विचारतात. पण खिडकी तर आहे ना? गळका डबासुद्धा चालतो. उलट तोच बरा. भाजीबाजारातल्या पुदिन्याची एक काडी पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळे फुटली की ती मातीत लावा.

चार कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते असे लोक सांगतात. तसे फारसे होत नाही. मनाचे मात्र वेगळे आहे. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून लेख लिहिला. शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले. फरक एका दिवसाहूनही कमी होता. पण वेदना कमी करणारी कडक औषधेही त्यांना कमी लागली.

तुम्ही अभ्यासाला बसता तेव्हा समोर काय दिसते?

आणि हो, कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. त्यात डेंग्यूचे डास वाढतात.