पट्टी कुठे चालते, कुठे नाही

टॉर्च पेटेना की सेलच्या बुडाशी चांदीचा कागद घालायचा आणि ओलिताला निघायचे, ही आपली जुनी सवय. आता घरोघरी जुने लॅपटॉप आले, आणि सवयही त्यांच्यासोबत आली.

गेल्या पावसाळ्यात अमडापूरला आमच्या थोरलीचा जुना लॅपटॉप बंद पडला. शिष्यवृत्तीच्या अर्जाला तीन दिवस उरले होते. एका दुकानदाराने सांगितले, 'मदरबोर्ड गेला, नवाच घ्या.' एवढे पैसे आणायचे कुठून? शेवटी शेजारचा पुतण्या बसला. तो टीव्ही दुरुस्त करतो.

त्याने आधी चार्जर काढला, बॅटरी सोडवली. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसले, चुरा ब्रशने झाडला. दातांवर मळ बसला की संपर्क तुटतो. पट्टी परत बसवताच पडदा उजळला. कीबोर्डची काही अक्षरे उमटत नव्हती. त्याची चपटी पट्टी खाचेत ढिली झाली होती. तिच्या मागच्या, म्हणजे तारा उघड्या नसलेल्या बाजूला त्याने चिकटपट्टीचा तुकडा लावला. जाडी वाढली, पट्टी घट्ट बसली. खर्च दोन रुपयांचाही नाही.

चार्जरची पिन मात्र हलत होती. थोरली तिच्याखाली कागदाची घडी दाबून काम भागवायची. पुतण्या म्हणाला, "काका, इथं जुगाड नाही चालत."

त्याचे कारण आम्हांला पटले. कीबोर्डच्या पट्टीतून नावापुरता प्रवाह जातो. चार्जर मात्र साधारण १९ व्होल्टचा. ६५ वॅटचा असेल तर पूर्ण भाराला ३.४ अँपिअर जातात. ढिल्या सांध्यात अर्धा ओहम अडथळा आला तरी तेवढ्याशा जागी सुमारे ६ वॅट उष्णता होते. सोल्डरिंगची लहान इस्त्री २५ वॅटची असते. तिचा हा जवळजवळ चौथा हिस्सा. प्लास्टिक वितळते, ठिणगी उडते. फ्यूजच्या जागी जाड तार घालण्यासारखाच हा प्रकार. पुतण्याने आतला तडकलेला सांधा नव्याने सोल्डर केला. सॉकेटच झिजले असते तर बदलावे लागले असते.

अर्ज शेवटच्या दिवशी गेला.

आपल्याही घरी आज एवढे करा. चार्जिंग सुरू होऊन अर्धा तास झाला की पिनेजवळ हात लावून बघा. चटका बसत असेल, जळका वास येत असेल, तर आधी भिंतीवरचे बटण बंद करा. कागदाची घडी शोधू नका.