बयाणा गेला, दुकान गेले. भरपाई कोण देणार?

फसवल्या गेलेल्या ग्राहकाला भरपाई मिळाली पाहिजे, याबद्दल आपल्या बाजारात कुणाचे दुमत नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्याने फसवले तोच दुकानाला कुलूप लावून निघून गेला, तर भरपाई द्यायची कुणी आणि कशातून? हा प्रश्न आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. तो आमच्या गादीवर आमच्यासमोर येऊन बसला होता.

भिवंडीत आमच्या कापडावर एम्ब्रॉयडरीचे जॉबवर्क करणारा एक कारीगर आहे. घरात एक जुने मशीन, बाप-लेक मिळून चालवतात. २०२२ साली त्याने दुसरे मशीन घ्यायचे ठरवले आणि अमुक डीलर कसा आहे म्हणून आम्हाला विचारले. आम्ही म्हणालो, "माणूस ओळखीचा आहे, बेधडक जा." आमच्या शब्दावर त्याने २ लाख ४० हजार रुपये रोख मोजले. मशीन आले, पण ठरलेले नव्हे, दुसऱ्याच मॉडेलचे. पंधरा दिवसांत ते बंद पडले. महिनाभर "आज माणूस पाठवतो, उद्या पाठवतो" चालले आणि एके दिवशी दुकानाचा बोर्डच उतरला. कारीगराच्या हातात पुरावा काय? एक व्हिजिटिंग कार्ड आणि वहीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेला आकडा. बिल घेतले नव्हते, कारण जीएसटी वाचवायचा होता. तो आम्हाला एका शब्दाने बोलला नाही. आजही 'चाचा' म्हणून सलाम करतो आणि काम वेळेवर देतो. हेच आम्हाला जास्त टोचते.

या प्रश्नावर अमेरिकेतल्या काही राज्यांनी काढलेला तोडगा आपल्या व्यापाऱ्यांनी समजून घ्यावा असा आहे. तिथे कमी मिळकतीची लाखो माणसे 'मोबाइल होम' विकत घेतात. हे घर कारखान्यात तयार होते. त्याच्या खाली पोलादी सांगाडा आणि चाके असतात, आणि ट्रकला जोडून ते जागेवर नेले जाते. ते बहुतेक वेळा डीलरमार्फत घेतले जाते. जमीन आपली नसेल तर अनेक ठिकाणी त्याची नोंद घर म्हणून न होता गाडीसारखी जंगम मालमत्ता म्हणून होते आणि त्यावरचे कर्ज नेहमीच्या घरकर्जापेक्षा महाग पडते. म्हणजे गरिबाची जन्माची कमाई, वर महाग कर्ज, आणि सगळा भरवसा एका डीलरवर!

घर कसे बांधावे याचा केंद्रीय कायदा तिथे १९७४ साली झाला आणि त्याखालचे नियम जून १९७६ पासून लागू झाले. पण डीलरने बयाणा घेतला आणि घरच दिले नाही, दाखवले एक आणि दिले दुसरे, किंवा वॉरंटी नाकारली, तर बांधकामाचे नियम काय करणार? म्हणून कॅलिफोर्निया आणि टेक्सास या राज्यांनी 'रिकव्हरी फंड' उभे केले. कॅलिफोर्नियात प्रत्येक विक्रीमागे एक छोटी फी या फंडात जाते. डीलरकडून पैसे वसूल होत नाहीत असे झाले, तर ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्या ग्राहकाला फंडातून प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मिळते. मग तीच रक्कम वसूल करण्यासाठी फंड त्या डीलरच्या मागे लागतो. गरीब ग्राहकाला त्याच्या मागे धावावे लागत नाही.

यात सगळे गोडच आहे असे आम्ही म्हणत नाही. फंड फक्त खरे, मोजता येणारे नुकसान भरून देतो. मनस्तापाचे पैसे देत नाही. रकमेला मर्यादा असते आणि कागदपत्रे लागतातच. पण मुद्दा हा की, नुकसान होण्याआधीच पैसा बाजूला काढून ठेवलेला असतो. आपल्याकडे नुकसान झाल्यावर पैसा शोधायला निघावे लागते.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा होता. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. आपल्या कारीगरांमध्ये एक मोठा गैरसमज आहे. ते म्हणतात, "मशीन धंद्यासाठी घेतले, आम्ही कुठले ग्राहक?" डीलरचा वकीलही पहिला मुद्दा हाच मांडतो. पण जो माणूस स्वयंरोजगाराने केवळ आपली रोजीरोटी कमावण्यासाठी वस्तू घेतो आणि स्वतः वापरतो, तो कायद्याने ग्राहकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या एका निकालात हे अगदी साध्या उदाहरणांनी सांगितले आहे. स्वतः चालवण्यासाठी ऑटोरिक्षा घेणारा ग्राहक आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी लेथ मशीन घेणाराही ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून त्याचा हक्क जात नाही. मात्र त्याच खटल्यात २१ लाखांचे मशीन घेणाऱ्या कारखानदाराला न्यायालयाने ग्राहक मानले नाही. तेव्हा ज्यांच्याकडे वीस-पंचवीस माग आणि पगारी माणसे आहेत, त्यांनी दिवाणी कोर्टाचाच रस्ता धरावा.

घरात स्वतः मशीन चालवणाऱ्याने घाबरू नये. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे होते. रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. डीलर दुसऱ्या शहरातला असला तरी तक्रार आपल्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या आयोगाकडे करता येते. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. "उद्या माणूस पाठवतो" या वायद्यावर ती घालवू नये. आयोग मशीन बदलून द्यायला, पैसे परत करायला आणि नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. आदेश न मानणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तरीही आमच्या त्या कारीगराने तक्रार केली नाही. कायदा त्याच्या बाजूने होता, कागद नव्हता. ही गोष्ट आपण व्यापाऱ्यांनी मान खाली घालून ऐकण्यासारखी आहे, कारण कच्च्या चिठ्ठीची सवय त्याला आपणच लावली. त्याचे कापड आपण चिठ्ठीवर देतो, त्याची मजुरी चिठ्ठीवर चुकवतो. बिल मागितले की आपण म्हणतो, "आमच्यावर भरवसा नाही का?" अहो, भरवसा आहे म्हणून तर कागद हवा! उद्या आपण नसलो तर आपल्या मुलांना आणि त्याच्या मुलांना खरे काय ते कळावे. जीएसटीचे वाचलेले चार पैसे आणि बुडालेले २ लाख ४० हजार, यांचा ताळा आमच्यासारख्या जुन्या व्यापाऱ्याला तरी जमत नाही.

म्हणून आमचे कारीगर बांधवांना सांगणे आहे की, बयाण्याची पावती घेतल्याशिवाय पैसा हातातून सोडू नका. रक्कम बँकेतून द्या. पावतीवर मशीनचे मॉडेल, नंबर, नवे की जुने, पोहोचवण्याची तारीख आणि वॉरंटी लिहून घ्या. बिल राहिलेच असेल, तर बँकेचा हिशेब, मोबाइलवरचे निरोप आणि मशीनचे फोटो जपून ठेवा. तेही पुरावा म्हणून उपयोगी पडतात. मशीन बंद राहिलेल्या दिवसांची आणि परत गेलेल्या कामाची नोंद करा, कारण भरपाई मोजताना तीच लागेल. डीलर ज्या कंपनीचा बोर्ड लावतो, त्या कंपनीलाही वेळीच लेखी कळवा. तक्रारीत स्पष्ट लिहा की, हे मशीन मी आणि माझ्या घरचे चालवतो आणि त्यावरच आमचे पोट आहे.

आणि व्यापारी बांधवांना आमची सूचना आहे. सरकार फंड काढील तेव्हा काढील. पण आपल्या बाजारांच्या संघटनांना आजही एक गोष्ट करता येईल. जो मशीन डीलर आपल्या भागात बुकिंग घेतो, त्याच्याकडून संघटनेने अनामत किंवा बँक गॅरंटी घ्यावी, विकलेल्या प्रत्येक मशीनमागे थोडी रक्कम जमा करावी आणि अशा डीलरांची यादी संघटनेच्या फळ्यावर लावावी. काही डीलर म्हणतील, "चोराच्या पापाचे पैसे आम्ही का भरायचे?" त्यांना आमचा उलटा सवाल आहे, आज ते पैसे कोण भरतो? घरातले दागिने मोडून मशीन घेणारा कारीगर भरतो! शिवाय एक डीलर पळाला की पुढचे सहा महिने गिऱ्हाईक सगळ्यांकडेच संशयाने पाहते. इमानदार डीलरला ही अनामत जड जाऊ नये. त्याच्या दुकानाची ती सर्वात स्वस्त जाहिरात आहे.

एक शेवटची गोष्ट. कुणी विचारले तर "माणूस चांगला आहे" असे म्हणणे आपल्याला फार सोपे असते. आम्ही तसे म्हणालो आणि एका घराची बचत गेली. यापुढे आमच्याकडे कुणी डीलरचे नाव विचारायला आला, तर आम्ही एवढेच विचारणार आहोत, "तो पक्के बिल देतो का?" देत नसेल, तर आमची सिफारसही नाही. सुरुवात म्हणून आम्ही आमच्या गादीवरून कच्ची चिठ्ठी बंद केली आहे. त्या कारीगराची मजुरी आता पक्क्या बिलावर आणि बँकेतूनच जाते.